फोटोतला हात

पोलीस ठाण्याच्या कामात माणसे विसरली जातात आणि कलमे लक्षात राहतात. नववीतल्या त्या मुलीच्या बाबतीत माझे उलटे झाले. कलमे आता नीट आठवत नाहीत, तिने माझ्याकडे कसे पाहिले ते मात्र विसरलो नाही. प्रकरणाची ‘तातडीने उकल’ झाल्याचे वर्तमानपत्रांत आले, मला शाबासकी मिळाली. छापून आले ते अर्धेच होते.

मी तेव्हा शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शाळांमध्ये ऑनलाइन सुरक्षेचे कार्यक्रम घ्या आणि फोटोसह अहवाल पाठवा, असे आदेश होते. आमचा सगळा जोर ‘फोटोसह’ या शब्दावर. तापीकाठच्या एका शाळेत मी तासभर बोललो. ओटीपी सांगू नका, अनोळखी माणसाला उत्तर देऊ नका, आपले नाव-गाव कुठेही टाकू नका. मग याच विषयावर भाषणस्पर्धा झाली. पहिल्या आलेल्या मुलीला मी प्रमाणपत्र दिले, खांद्यावर हात ठेवून शाबासकी दिली. आमच्या शिपायाने फोटो काढला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिच्या वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. “साहेब, तुम्ही बक्षीस दिलेली मुलगी शाळेत येत नाही. तिच्या नावानं कुणीतरी खातं उघडलंय. घरचे तिला मामाकडे पाठवायला निघालेत. स्थळंही बघतायत म्हणे.”

मी ते खाते पाहिले. नाव, शाळा, गाव, चेहरा, सगळे खरे. त्यावरून गावातल्या पोरांना घाणेरडे मेसेज जात होते. फोटोची मागची बाजू धूसर केलेली होती आणि तिच्या खांद्यावर एका पुरुषाचा हात होता, मनगटापाशी कापलेला. गावात चर्चा चालली होती ती त्या हाताची.

वडिलांना ठाण्यात बोलावले. बागायतदार माणूस, खुर्ची दिली तरी बसला नाही.

“साहेब, तक्रार नको. गावम्हा तोंड दखाडाले जागा ऱ्हायनी नही. पोरले धाडी देस मामाकडे.”

“ती फोन कोणाचा वापरते?”

“मन्हाच. अभ्यासना ग्रुप त्याम्हाच येस.”

तक्रार द्यायला त्यांना कसेबसे तयार केले. अल्पवयीन मुलीचा जबाब घेताना गणवेश घालायचा नसतो, म्हणून साध्या कपड्यांत, महिला पोलीस सोबत घेऊन घरी गेलो. आई तिच्याजवळ बसली होती. फोटो कोणाला पाठवलास? मित्र कोण? हा हात कोणाचा? एकच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारायची आमची पद्धत, खोटे बोलणारा त्यात अडखळतो. ही अडखळत नव्हती, बोलतच नव्हती. मी ते गप्प राहणे म्हणजे कबुलीच धरली होती.

“सांगी दे ना माय,” आई म्हणाली, “साहेब इचारी ऱ्हायनात.”

मुलीने मी पुढे धरलेल्या मोबाइलकडे पाहिले नाही. खाटेच्या कडेवर टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहिले. बोटात पोवळ्याची अंगठी होती.

“साहेब, हाऊ हात तुम्हनाच शे.”

मी फोटो मोठा केला. धूसर का होईना, तांबडा खडा दिसत होता.

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“कोन्हले सांगू? पोलिसनं नाव लिसू ते पोलिसच इचाराले येतीन.”

तिने पोलिसाचे नाव घेतले असते, तरी चौकशीला आलो असतो आम्हीच.

पुढचा तपास सोपा होता. तो फोटो एकाच ठिकाणी होता, आमच्या ठाण्याच्या पेजवर. खाली आम्हीच लिहिले होते: मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, गाव. नंदुरबारच्या सायबर शाखेकडून तांत्रिक माहिती आली आणि विसरवाडीला मोबाइल दुरुस्ती करणारा एक तरुण ताब्यात घेतला. त्याने आणखी दोन मुलींचे फोटो आमच्या पेजवरूनच उचलले होते. हीच मुलगी का निवडलीस, असे विचारले.

“निवडायचं काय त्यात, साहेब? शाळेच्या फोटोत नुसती गर्दी असते. तुमच्या पेजवर एकेक पोरगी वेगळी उभी केलेली असते, खाली नाव-गाव लिहून.”

त्या संध्याकाळी मी ती पोस्ट काढायला लावली. पत्रकारांना सांगितले, “सोशल मीडियावरील फोटोचा गैरवापर झाला. मुलींनी फोटो टाकताना काळजी घ्यावी.” यात एकही शब्द खोटा नव्हता. पण वाचणाऱ्याला वाटणार की फोटो तिनेच टाकला होता. आई सांगत होती, पण छापून आल्यापुढे तिचे कोण ऐकणार; वडिलांना तेच वाटले, गावालाही. आठवड्यात तिला मामाकडे पाठवले.

बाईंनी पुन्हा फोन केला. “एकदा गावात येऊन सांगा ना, साहेब, हात तुमचा होता म्हणून.”

मी म्हणालो, बघतो. मग बदली झाली.

ते ‘बघतो’ मनातून जाईना; इतक्या वर्षांनी यंदा मी त्या गावी गेलो. वडिलांना म्हटले, तेव्हा जे बोलले त्यांनाही बोलवा. ओट्यावर माणसे जमली. मी सगळे सांगितले: हात माझा, फोटो आमचा, नाव-गाव टाकले आम्ही, मुलीकडे तर स्वतःचा फोनही नव्हता.

“मंग तवय कसाले नही सांगं?” एका म्हाताऱ्याने विचारले.

“अहवाल वर गेला होता. नोकरीला डाग लागेल अशी भीती वाटली.”

“हाई गोट तवय सांगी देतात,” वडील म्हणाले, “ते मन्ही पोर आठेच, गावम्हाच ऱ्हाती.”

आम्ही मुलांना सावध राहायला शिकवतो. मुलांचे फोटो मात्र आपण मोठी माणसेच बिनदिक्कत टाकतो. शाळा टाकते, पुढारी टाकतात, आईबाप वाढदिवसाला टाकतात, ठाणेही टाकते. आणि काही बिघडले की मुलीलाच विचारतो, तू काय केलेस? आता शाळेत बोलावले तर मी आधी शिक्षकांशी बोलतो, मुलांशी नंतर. कार्यक्रमाचा फोटो हवाच असेल तर मुलांच्या पाठीमागून काढा, आणि नाव कोणाचेही नको. काही मुख्याध्यापक नाराज होतात. होऊ देत.

वडिलांनी तिचा नंबर दिला. मामाने स्थळे थांबवली होती. तिने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला, उशिराने पास झाली, आता दुसऱ्या शहरात एका दवाखान्यात काम करते. फोनवर मी माफी मागितली. ती “हं” एवढेच म्हणाली. मग मी विचारले, हे सगळे लिहू का?

“लिहा,” ती म्हणाली. “नाव नको, गाव नको, फोटो तर नकोच. आणि छापायच्या आधी मला वाचून दाखवा.”

वाचून दाखवले. तिने दोन वाक्ये काढायला सांगितली. ती काढली आहेत.