बुगडीचा कान

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात शारदेला काळजाच्या ऑपरेशनला आत न्यायच्या आधी मला जरा वेळ भेटू दिलं. वाटलं, आता तरी दोन शब्द गोड बोलंल. तर म्हणली, "अवो, गौरीच्या हाताला पट्टी लावली का? न्हाई ना? मग हितं काय करायलाव?" ...तेच शेवटचं. ती जाऊन महिना झाला. माझी शाळा चौथीत सुटली, नीट लिहिता येत नाही, पण माझ्या बायकोबद्दल दुसरं कोण लिहिणार.

लग्न झालं त्या साली माझ्या अक्कानं मोठ्या हौसेनं तिचा कान वर टोचून बुगडी घातली. भोकाभोवती मांस वाढायला लागलं. आधी हरभऱ्याएवढं, मग बोराएवढं. सारखी खाज. तालुक्याला नेऊन कापून आणलं, सगळे खूश. वर्षाच्या आत तीच गाठ आवळ्याएवढी होऊन आली. मग तिनं कानावरचा पदर कधी ढळू दिला नाही, माझ्यापुढंसुद्धा. फार पुढं कातडीच्या डॉक्टरनं सांगितलं की हिच्या अंगाची खोडच अशी, नुसतं कापलं की गाठ पुन्हा येणार. तो गाठीतच सुई द्यायचा. ही दवाखाना डोक्यावर घ्यायची, डॉक्टरला तोंडावर शिव्या द्यायची, आणि पुढच्या खेपेला माझ्याआधी लुगडं नेसून तयार. गाठ बरीच बसली. पुरती गेली नाही.

गेल्या साली आमच्या नातीच्या, गौरीच्या, हातावर उकळतं दूध सांडलं. जखम भरली तशी घरात सगळे म्हणाले, सुटलो. ही एकटी म्हणली, "सुटलो कशाचं? आता तर वण उठायचा. माझं रगत हाय तिच्यात." त्याच डॉक्टरकडं नेलं. सिलिकॉनची पट्टी, वरून घट्ट बाही, रोज चोळायचं, उन्हात झाकायचं. चोळून झालं की शारदा वणावर अंगठा दाबायची. पांढरा पडायचा, सोडला की लाल. "अजून जित्ता हाय," म्हणायची. लाल आहे तोवर वाढू शकतो, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

उन्हाळ्यात सुनेला दया आली, तिनं बाही काढून ठेवली. "उकडायलंय की हो तिला, अत्या."

"उकडू दे. आधी हे बघ, मग दया कर!" म्हणून शारदेनं भर अंगणात पदर मागं सारला. जो कान जन्मभर झाकला, तो पोरीसाठी उघडा केला. बाही परत चढली.

आता चोळायचं काम माझ्याकडं. "आज्जा, लई जोरात चोळायलाव. आज्जीवानी गोल गोल चोळा," गौरी दटावते. वण सपाट आहे, पण रंग अजून गेला नाही. काल माझं चोळून झालं तसा तिनं आपलाच अंगठा दाबला, सोडला, वाकून बघितलं.

"अजून जित्ता हाय, आज्जा."

"व्हय," म्हणलो... आणि पट्टी लावली.