गीझर सप्रेम भेट

दानधर्मात आमच्या हेंद्रेपाड्यातल्या मंडळाचा हात कोणी धरू शकत नाही. धरणार कसा? आमचे सगळ्यांचे हात फ्लेक्सवर कायम जोडलेले असतात.

नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी इथेच बदलापुरात, कुळगावला एक निवारा आहे. सरकारी अनुदान रखडलं की तो चालवणाऱ्या ताई देणगीदारांची दारं वाजवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आमच्याकडे गीझर मागितला. अट एकच घातली. बायकांचे फोटो नकोत आणि त्या कुठे राहतात ते कळता कामा नये.

"ताई, आमच्याही घरात आयाबहिणी आहेत," अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य आमच्याकडे तयारच असतं.

मी शिकलेला, म्हणून फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे. बायकांचे फोटो मी कटाक्षाने टाळले, आमचे टाकले. खाली लिहिलं, 'पीडित भगिनींच्या निवाऱ्यास गीझर सप्रेम भेट'. मग तो फ्लेक्स मी निवाऱ्याच्याच फाटकावर बांधला आणि समाधानाने चहाला गेलो.

चहा संपायच्या आत ताईंचा फोन आला. धावत पोचलो, तर विठ्ठलवाडीहून निवाऱ्यात आलेली एक बाई भाजीच्या सुरीने फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होती.

"दादा, हे तुम्हीच ना?" तिने सुरीचं टोक माझ्या छापील कपाळावर टेकवलं. "माझा नवरा रिक्षा घेऊन बदलापुरात मला गल्लोगल्ली शोधतोय. बाण तेवढा काढायचा राहिला तुमचा!"

"चुकलं माझं. द्या, मी काढतो."

"राहू दे. तुमचे हात गुंतलेत."

फ्लेक्स उतरला. पण तोवर अध्यक्षांनी त्याचा फोटो फाटकासकट सगळ्या ग्रुपवर टाकला होता. मी फोन करून तो काढायला लावला. "अरे, केवढ्या लोकांनी अंगठे दिलेत," ते हळहळले.

तो फोटो कुठवर पोचला असेल, कोण सांगणार? ताईंनी त्याच दिवशी तिला दुसऱ्या गावी हलवायचं ठरवलं. अंबरनाथच्या कारखान्यात तिला नुकतंच पॅकिंगचं काम लागलं होतं. तेही गेलं. ती दोन पिशव्या भरून दारात उभी राहिली, आणि नव्या गीझरचा लाल दिवा तिच्यामागे छान चमकत होता.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी ताईंना विचारलं, "कुठे पाठवताय?"

ताईंनी तिची एक पिशवी उचलली. तीच म्हणाली, "का? तिथेपण गीझर देताय?"