वहिनीचं गाणं आणि दादाचा "हं"

…तर टेप फिरतेय, माझा थोरला भाऊ पेटी वाजवतोय आणि वहिनी गायचं सोडून तोंड मिटून बसलीय! काल इथंच थांबलो होतो ना आपण?

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला ओरडला, "बाई, गा की!"

वहिनी म्हणाली, "हे 'हं' कुठं म्हणाले अजून?"

त्याचं असं, की वहिनीचा गळा गोड, पण घाई भारी. पेटीचे सूर पुरते संपायच्या आत ही आपली ओळ धरून मोकळी. म्हणून घरी दादानं रीतच घातली होती: तो हळूच "हं" म्हणणार, मगच हिनं तोंड उघडायचं. स्टुडिओत मात्र त्याला दम भरलेला, गाण्याशिवाय एक आवाज नको. तो बिचारा ते पाळत होता आणि ही हटून बसलेली. टेप वाया गेली. पुन्हा लावली, तीही गेली. शेवटी रेकॉर्डिंगवाल्यानं हात जोडले, "म्हणा हो, काय हं-बिं म्हणायचंय ते!" तशी ती तबकडी निघाली. घरोघरी वाजली, "हं"सकट.

आता दादा नाही. वहिनी ऐंशीच्या पुढं; गुडघे गेले, जीभ शाबूत. मागच्या महिन्यात कंपनीनं बोलावलं. जुनी टेप कॉम्प्युटरवर धुऊन तिची नवी तबकडी काढायची होती, वहिनीनं हो म्हटलं तर. मी सोबत गेलो. वाटेत म्हणत होतो, पुन्हा तबकडीच काढायची, तर मधे ही धुलाई कशाला? पण इंजिनीअरनं बटण दाबलं आणि ऐकतो तर काय! खरखर नावाला नाही. पेटीचा एकेक सूर सुटा, जणू दादा शेजारी बसून वाजवतोय. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. पेटी थांबली, तिनं श्वास रोखला आणि एकदम गाणंच सुरू झालं.

वहिनी ताडकन उठली, काठी विसरून. "भाऊजी, ही कोण बाई? हिला कुणी सांगितलं सुरू करायला?"

"तुम्हीच आहात आजी," इंजिनीअर हसला. "मधे कुणीतरी घसा खाकरला होता, तेवढं काढलं."

"कुणीतरी?"

मी घाईनं म्हटलं, "वहिनी, बाकी झकास झालंय की! आवाज बघा तुमचा, पंचविशीतला."

"तुम्ही गप्प बसा. दाराची कडी वाजली तरी तुम्ही 'वा वा' म्हणता."

इंजिनीअर समजावू लागला, "आजी, नव्या लोकांना तो दोष वाटेल. आणि साहेबांनी सांगितलंय, अशी स्वच्छ निघाली तर निघेल, नाहीतर राहील."

मी वहिनीकडं पाहिलं. हे गाणं पुन्हा एकदा घरोघरी वाजावं म्हणून ती दादा गेल्यापासून झुरत होती. तिनं काठी उचलली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली:

"राहू दे मग. खरखर खुशाल पूस, ती टेपची आहे. 'हं' माझ्या नवऱ्याचा आहे. त्यांनी तो म्हटल्याशिवाय मी तेव्हा काचेमागच्या त्या बाप्याला बधले नाही, तर आता तुझ्या डब्यात बरी गाईन!"