खड्ड्यात पडलेला सूर

व्हर्लन पिकेटचे दात गेले तेव्हा गावाला वाईट वाटलं ते त्याच्या ट्रॉम्बोनचं. कवळी बसवून मक्याचं कणीस खाता येतं, देवळात गाता येतं. पण ट्रॉम्बोन फुंकला की आधी कवळी बाहेर येते आणि सूर मागाहून, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं वाजवणं सोडलं आणि ऐकणं धरलं. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही शाळेच्या जॅझ बँडची तालीम असली की सभागृहात अगदी मागं, गुडघ्यावर टोपी ठेवून बसायचा. एवढ्या पोरांत कोण कुठं घसरलं ते डोळे मिटून सांगायचा. बँड बसवणारे रस्क सर त्याला कौल लावल्यासारखं विचारत आणि कौल आजवर कधी चुकला नव्हता. मुलं तर त्याच्या कानांना टरकूनच असत.

बँडचा एक रिवाज होता. चुकलं, की चुकणाऱ्यानं तिथल्या तिथं हात वर करायचा आणि पुढं वाजवत राहायचं. 'माझंच, कळलं मला,' एवढाच त्याचा अर्थ. सगळं थांबवून चोर शोधत बसायला नको. हात वर करणाऱ्याला सर रागवत नसत. न करणाऱ्याची मात्र खैर नसे.

वसंतातल्या कार्यक्रमाचा दिवस. दुपारी शेवटची तालीम. एका जलद गाण्याच्या मधोमध सगळा बँड एकदम गप्प व्हायचा, चार ठोके नुसती शांतता, आणि मग सगळे मिळून धाडकन कोसळायचे. मुलं त्या शांततेला खड्डा म्हणत. त्या दुपारी खड्ड्यात एक ट्रम्पेट पडलं, सगळे गप्प असताना एकटंच वाजलं.

हात कुणाचाच वर गेला नाही.

सरांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच ट्रम्पेट, त्याच जागी. पुन्हा सगळ्यांचे हात आपापल्या वाद्यांवर, देवाच्या मूर्तीसारखे निष्पाप.

"वा! भुताटकी आहे म्हणजे," रस्क सर म्हणाले. "चुकलात त्याचं काही नाही. पण जो आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर सोडून बसतो, तो आज रात्री माझ्या बँडमधून एकटा उभा राहून वाजवणार नाही. मिस्टर पिकेट, कोण हो?"

व्हर्लनला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. सुरावर सरळ न बसता खालून घसरत चढायची ती खोड त्याचीच. त्यानंच ती आपल्या नातीला, डेल्फीनला, लावली होती. आई-बाप शहरात गेले ते गेलेच. पोर त्याच्या स्वयंपाकघरात ट्रम्पेट फुंकत मोठी झाली.

डेल्फीनच्या शेजारी नकीशा बसायची. संथ गाण्यातला सोलो तिचा होता. हिवाळाभर तिनं त्याच्यासाठी ओठ सोलून घेतले होते.

"नकीशाच्या बाजूनं आलं," व्हर्लन म्हणाला. वर 'वाटतं' असंही जोडलं, पण ते कवळीतच राहिलं.

त्यानं तसं काही ठरवलं नव्हतं. नातीचं नाव जिभेवर येईना, आणि शेजारचं आलं.

नकीशा चमकली. "मी? नाही सर, मी तर..." तिनं मागं, अंधारात बसलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. मग तिचा चेहराच विझला. "मिस्टर पिकेट म्हणतात म्हणजे मीच असेन. मला कळलंच नाही."

भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तरी व्हर्लनला सोसलं असतं. पोरीनं स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं आणि त्याच्या कानांना खरं!

सोलो डेल्फीनला मिळाला. सरांनी मुलांना खायला सोडलं.

बाहेरच्या व्हरांड्यातल्या फोनवर नकीशा आईशी बोलत होती. "येऊ नकोस, मम्मा. नाही, सोलो नाहीये. हो, रजा घेतली होतीस, माहितीये... जा तू कामावर. खरंच जा." फोन ठेवून ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. व्हर्लन तिच्या मागून चोरपावलांनी निघून गेला.

जिन्यात डेल्फीननं त्याला गाठलं. "तुम्ही कशाला बोललात मधे?"

"मग काय, तुझं नाव घेऊ?"

"मी करणारच होते हात वर."

"कधी? नातवंडं झाल्यावर?"

"सगळे बघत होते, आजोबा." तिचे डोळे भरले. "आणि आता तो सोलो मला कसा वाजवायचा ते सांगा."

व्हर्लन टोपी सावरत सभागृहातल्या मागच्या खुर्चीकडं निघाला.

तालीम पुन्हा सुरू झाली. डेल्फीन उभी राहिली, सोलो वाजवू लागली. चांगलं वाजवत होती, हीच तर पंचाईत. वाईट वाजवलं असतं तर मनाला जरा तरी आडोसा मिळाला असता. शेजारी नकीशा मान खाली घालून बसली होती आणि तिची बोटं ट्रम्पेटवर बिनआवाजाची तेच सूर दाबत होती.

व्हर्लन उठला. सभागृहाची ती वाट उतरताना त्याला आपल्याच बुटांची लाज वाटली, इतके ते वाजत होते. सरांनी बँड थांबवला.

"खड्ड्यात डेल्फीन पडली होती," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. मला ऐकू आलं होतं. मी खोटं बोललो."

रस्क सरांनी चष्मा काढून पुसला. "मिस्टर पिकेट, अहो, तुमच्या भरवशावर मी पोरांना शिक्षा करतो."

"म्हणूनच सांगतोय."

"सर, मी होते," डेल्फीन म्हणाली, आणि खाली बसली.

"ते सोमवारी बघू. आज तुझ्या जागेवरचं वाजव. नकीशा, सोलो तुझा."

नकीशाला हसू आलं नाही. "पण मम्मा गेली कामावर," ती म्हणाली. कुणाला नाही, हवेलाच.

नकीशाची आई बर्निस नदीकाठच्या दुकानात मासे तळायची. शनिवारची संध्याकाळ, रांग दाराबाहेर आलेली. व्हर्लन मागच्या दारानं शिरला आणि कढईशेजारी उभ्या असलेल्या बर्निसला त्यानं सगळं सांगितलं. आपल्या वाट्याचं काही गाळलं नाही.

ती ऐकता ऐकता मासे उलटत होती. "पोरगी फोनवर काय म्हणाली, ठाऊक आहे? 'मम्मा, मी बहुतेक बहिरी आहे.' सोळा वर्षांची पोर!"

"तू जा, बर्निस. अजून वेळ आहे."

"आणि हे कोण तळणार? तुमचा काका?"

"मी."

"तुम्ही? ईस्टरला देवळाच्या आवारात तुम्ही तळलेला मासा कुत्र्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं होतं!"

"कुणीही तळा, पण तळा!" गल्ल्यावरून मालकीण ओरडली. "लोक आता मलाच खातील."

बर्निसनं एप्रन सोडला आणि जवळजवळ त्याच्या तोंडावर फेकला. दारात थबकली. "डेल्फीनचं हे शेवटचं वर्ष ना? शाळेतला शेवटचा कार्यक्रम?"

"हो."

माफ केलंय असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. "तेल धुरकटू देऊ नका," म्हणाली आणि गेली.

मग म्हातारा होता आणि कढई होती. आता पडदा उघडला असेल, आता जलद गाणं, आता खड्डा, असा त्यानं थोडा वेळ हिशेब लावून पाहिला. पण तेलाच्या चरचरीपुढं तोही जमेना. नकीशा आता उभी राहिली असेल का, तिचा तिच्या कानांवर विश्वास बसला असेल का? डेल्फीन सभागृहात कुणाला शोधत असेल? एकीला दुपारी दुखवलं, दुसरीला आता. दोघींच्यामध्ये काही तिसरी वाट त्याला सापडली नव्हती.

"अहो आजोबा," खिडकीतून एक गिऱ्हाईक कागदी ताटली परत सरकवत म्हणालं, "हा मासा आहे का कोळसा?"

"कोळसाच आहे," व्हर्लन म्हणाला. "थांबा, दुसरा तळून देतो."