कुणाच्या भरवशावर

नोकरीतले बरेचसे प्रसंग आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. नेकनूरच्या बाजूला एका चारा छावणीत पाहिलेली सकाळ मात्र आजही जशीच्या तशी आठवते. त्या भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. पावसाळा लागूनही पाऊस नव्हता. पेरलेली ज्वारी गुडघ्याला लागते न लागते तोच करपली होती. आसपासच्या गावांची जनावरं एका सहकारी दूध संस्थेने चालवलेल्या छावणीत बांधलेली होती आणि त्यांच्यामागे घरातलं एकेक माणूस तिथेच मुक्कामाला होतं.

आदल्या संध्याकाळी वैरण खाल्ल्यावर जनावरं पटापट खाली बसू लागली होती. तोंडाला फेस, पाय ताठ. उजाडेपर्यंत एक अख्खी रांग आडवी झाली. मी पोचलो तेव्हा बायका मेलेल्या बैलांच्या गळ्यातले दोर सोडत होत्या. कोणी रडत नव्हतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. रडणाऱ्या माणसांना समजावता येतं.

पंचनामा सुरू असतानाच खबर मिळाली. संस्थेच्या चेअरमनचा मेहुणा छावणीला वैरण पुरवायचा. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की छावणीच्या राखणदाराच्या खोपीत चुलीमागे, गोणपाटाखाली बघा. पंचांसमक्ष झडती घेतली. कीटकनाशकाची अर्धी बाटली निघाली. ही बातमी छावणीभर व्हायला वेळ लागला नाही. लोक खोपीकडे धावले. हवालदाराने आणि मी राखणदाराला मधे घेऊन कसंबसं जीपमध्ये घातलं. एक दगड काचेवर बसला.

राखणदार मेंढपाळ घरातला, चाळिशीचा, अंगाने धिप्पाड आणि आवाजाने अगदी मऊ. ठाण्यात आणल्यावर तो भिंतीला टेकून बसला. विष टाकलं नाही, बाटली माझी नाही, एवढंच म्हणायचा. आदल्या दुपारपासून छावणीत कोण आलं, कोण गेलं, असं विचारलं की मान खाली. बाहेर फाटकापाशी गर्दी वाढत होती. आमच्या ताब्यात द्या, अशी मागणी सुरू झाली. जिल्ह्याहून जादा कुमक मागवली होती, पण ती यायला अवकाश होता. हवालदार म्हणाला, जरा खाक्या दाखवू, बोलेल. मी नको म्हटलं. मार खाऊन बोललेला माणूस मारणाऱ्याला हवं तेच बोलतो, हे तोवर मला कळलेलं होतं.

मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती मागच्या दाराने आली. कपाळावर खोक पडली होती, गर्दीतल्या कोणीतरी ढकललं होतं. तिला पाणी दिलं आणि नवऱ्याबद्दल काय वाटतं ते विचारलं. ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, “त्यांच्यावर माझा इस्वास हाय, साहेब. भरोसा न्हाई.”

हवालदार जबाब लिहीत होता. त्याने लिहिलं, की पतीवर विश्वास नसल्याचे सांगते. मी त्याला थांबवलं. खरं सांगायचं तर तिच्या दोन शब्दांतला फरक मलाही नीट कळला नव्हता. दोन्ही एकच ना, असं मी विचारलं.

“एक कसं असंल?” ती म्हणाली. “ह्यो माणूस मुंगीलाबी दुखवणार न्हाई, ह्यो माझा इस्वास. पण हितं बस म्हणून बसवलं, तर बसंल का, त्याचा भरोसा न्हाई. कुणीबी गोड बोललं की त्याचं खरं मानून ह्ये उठून जातेत. लगीन झाल्यापून बघतेय मी.”

मी सकाळपासून त्याला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो, की तू काय केलंस. त्याने काहीच केलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे उत्तरही नव्हतं. मी आत गेलो. त्याच्यासमोर खाली बसलो आणि विचारलं, “कुणाच्या भरवशावर जागा सोडलीस?”

त्याचा चेहरा एकदम बदलला. बाहेर कोणीतरी फाटक हलवत होतं. तिकडे एकदा बघून तो बोलला.

“मालक हायत म्हणून गेलतो.”

मालक म्हणजे चेअरमनचा मेहुणा. आदल्या दुपारी तो वैरणीचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. तुझी मेंढरं तलावाच्या चिखलात फसलीत, तू पळ, मी आहे इथे, असं त्याने सांगितलं. राखणदार तलावापर्यंत पळत गेला. मेंढरं धड होती, भावाजवळ चरत होती. परत आला तर ट्रॅक्टर रिकामा झालेला. मला कोणीतरी उगाच सांगितलं असेल, असं मालक हसून म्हणाला, आणि याने तेही खरं मानलं. तू जागेवर नव्हतास हे मी कोणाला बोलत नाही, तूही मी आलो होतो हे बोलू नको, असा शब्द त्याने घेतला होता.

लोक तुझ्या जिवावर उठले तरी गप्प का राहिलास, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, “मला कामाला त्यांनीच लावलं, साहेब. बेइमानी कशी करू?”

एवढ्यात पशुवैद्यकीय डॉक्टर ठाण्यात आले. मेलेल्या जनावरांच्या पोटात त्यांना उसाच्या वाढ्यांबरोबर, म्हणजे शेंड्याच्या पाल्याबरोबर, ज्वारीच्या कोवळ्या धाटांचे तुकडे सापडले होते. पाण्याचा ताण बसलेली अशी ज्वारी जनावराला विषासारखी लागते. ती कोणताही शेतकरी ओळखतो. पण बारीक कुट्टी करून वाढ्यात मिसळली, तर ओळखणार कोण? प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता, पण कीटकनाशकाची लक्षणं दिसत नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मागच्या दाराने निघून मी मेहुण्याच्या शेतावर गेलो. करपलेल्या ज्वारीचा अर्धा तुकडा नुकताच कापलेला होता आणि कडबा कापायच्या यंत्राखाली हिरवा चुरा पडलेला होता. त्याला समोर बसवून मी एवढंच विचारलं, की बाटली चुलीमागे, गोणपाटाखाली आहे हे तुम्हाला बाहेरून कसं दिसलं? तो आधी चिडला, मग चेअरमनचं नाव घेऊ लागला. वैरणीचं वजन भरायला करपलेली ज्वारी थोडी मिसळली तर बाधणार नाही असं वाटलं होतं, असं शेवटी त्याने सांगितलं. जनावरं पडू लागल्यावर गोंधळात त्याने स्वतःच्या घरची बाटली खोपीत नेऊन ठेवली होती. जनावरांच्या मृत्यूबरोबर बनावट पुरावा उभा केल्याचा गुन्हाही त्याच्यावर दाखल केला.

कुमक आल्यावर मी फाटकापाशी उभा राहून गर्दीला सगळं सांगितलं. सकाळी दगड मारणारी माणसं एकमेकांकडे बघत पांगली. राखणदाराची माफी तेव्हा कोणी मागितली नाही.

पुढे संस्थेच्या लोकांनी त्याला परत कामावर बोलावलं. आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे, असं चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाले. तो लगेच हो म्हणायला निघाला होता. बायकोने त्याला थांबवलं. राखण मी करते, ह्यांना वैरण टाकायला ठेवा, असं तिने सांगितलं आणि तसंच ठरलं. छावणी उठेपर्यंत फाटकावर ती बसत होती. चेअरमनची गाडीसुद्धा तिने आत काय आहे ते बघितल्याशिवाय सोडली नाही, असं मला हवालदाराने नंतर सांगितलं.

आमच्या कायद्यात विश्वासघात आहे, विश्वासभंग आहे. जबाबात आम्ही सगळ्याला विश्वास हा एकच शब्द लिहून मोकळे होतो. प्रामाणिक माणूस भरवशाचा असतोच असं नाही. इमान राखणाऱ्याने ते चुकीच्या माणसाशी राखलं, तर त्याच्या चांगुलपणाआड दुसऱ्याचा गुन्हा लपतो. हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. पुढच्या सगळ्या नोकरीत, अमक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे असं कोणी म्हणालं, की मी विचारत असे, कोणत्या बाबतीत? बहुतेक जण तिथे अडखळत. ती बाई अडखळली नव्हती.