तोंतेरिया कोणाची?

पस्तीस सालच्या आसपास नाशकात एक स्पॅनिश सिस्टर मिशनचा छोटा दवाखाना चालवायची. मी मॅट्रिक होऊन घरी रिकामी होते, इंग्रजी बोलता येत होतं, म्हणून वडिलांनी मला तिची दुभाषी म्हणून जाऊ दिलं. आमचं घर पंचवटीतल्या उपाध्यायांचं. त्यामुळे गल्लीने यथेच्छ तोंडसुख घेतलं.

एकदा सिस्टरने एका बाईच्या धडक्या पायाला पट्टी बांधली, दुखरा तसाच राहिला. स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून ती म्हणाली, "तोंतेरिया." म्हणजे मूर्खपणा. मला शब्द इतका आवडला, की दुसऱ्याच दिवशी जखमेत चुना भरून आलेल्या वणीकडच्या एका म्हाताऱ्याला मी तो ऐकवला. सिस्टरचे हात थांबले. तो गेल्यावर तिने सांगितलं, की तिच्या आईच्या घरी हा शब्द फक्त स्वतःच्या करणीला लावत. दुसऱ्याला आधी विचारायचं, असं का केलंस. मी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे माझ्या आत्याचे डोळे आले. आत्या विधवा, कडक सोवळ्याची. सिस्टरने उकळलेल्या पाण्यात बोरिक पावडर घालून बाटली दिली. मिशनच्या चुलीवरचं पाणी डोळ्याला लागू देणार नाही, म्हणून आत्या हटून बसली. मग मी शहाणीने बाटली ओतून दिली आणि दवाखान्यातून दुसरी पावडर आणून ती रामकुंडातल्या पाण्यात कालवली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तीर्थाने अपाय होईल, हे माझ्या मनातही आलं नाही.

चौथ्या दिवशी एक डोळा सुजून मिटला. सिस्टर घरी आली, अंगणातच उभी राहिली. बराच वेळ डोळा पाहून म्हणाली, माझं निदान चुकलं असेल, माझीच तोंतेरिया. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पण आत्याचा डोळा गेला असता.

"सिस्टर, तुमची नव्हे, माझी," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, का केलंस? मी चुलीची अडचण सांगितली. मग कोणाची चूल चालेल, तिने विचारलं. म्हटलं, आत्याची स्वतःची.

त्या दिवसापासून आत्या सोवळ्यात, ओट्यावर आपली चूल मांडून, आपल्या तपेलीत औषधासाठी गंगेचं पाणी उकळू लागली. सिस्टर रोज यायची आणि भर उन्हात अंगणात उभी राहून, घड्याळ बघत, अजून उकळू दे म्हणून हाताने खुणावायची. ओट्याच्या पायरीला तिने कधी पाय लावला नाही, की तोंड वाकडं केलं नाही. पुढे पुष्कळ विद्वान पाहिले, पण दुसऱ्याचा मान राखून आपलं खरं करणारं असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

मधल्या दिवसांत आत्याने त्या शब्दाचा अर्थ मला विचारून घेतला होता.

नवव्या दिवशी डोळा नीट उघडला. आत्याने अंगणाकडे पाहिलं. सिस्टरचं नाक उन्हाने सोललं होतं. आत्या आत गेली, पाट घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने तो ओट्यावर मांडला.

"तिला बस म्हणावं," ती मला म्हणाली. "आठ दिवस बाईमाणसाला उन्हात उभं ठेवलं मी. तुमचा तो शब्द आता मला लाव."