गिळलेल्या कॅप्सूल

"दमा आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यालाच अस्थमा म्हणतात, त्यात श्वासाच्या नळ्या आवळतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कानात एवढंच राहिलं, की सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल.

मेडिकलवाल्याने कॅप्सूलबरोबर प्लॅस्टिकचं एक नळकांडं दिलं. ते कशाला, विचारणार होते. पण मागे रांग होती. मी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायला लागले.

फरक पडेना. कासारवाडी स्टेशनचा जिना चढताना छाती शिट्टीसारखी वाजायची. चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये मी तोंडावर रुमाल धरून खोकायचे. शेवटी परत दवाखान्यात गेले. औषध कसं घेता, असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या आणि सिस्टरला मोठ्याने म्हणाल्या, "ह्या इनहेलरची कॅप्सूल गिळतायत."

बाकड्यावरचे सगळे बघायला लागले. मी नंबर सोडून घरी आले. पुन्हा तिकडे फिरकले नाही.

मग एका सकाळी कंपनीत लाईनवर उभ्या उभ्याच श्वास अडकला. सुपरवायझरनी हॉस्पिटलला पोचवलं. तिथे ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिलं, म्हणजे मास्कमधून औषधाची वाफ. मिस्टर धावत आले.

राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, औषध चालू होतं का? मिस्टरच घाईने म्हणाले, "घेते ना मॅडम, वेळच्या वेळी." ते माझी लाज झाकत होते. पण मॅडम डोस वाढवून लिहायला लागल्या.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "मी गिळत होते."

मॅडमचं पेन थांबलं. "कुणी दाखवलंच नव्हतं का?"

कॅप्सूल नळकांड्यात घालायची, ते फिरवून ती फोडायची, पूड तोंडाने जोरात आत ओढायची, दम धरायचा, मग चूळ भरायची. त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. मी चुकले, तर पुन्हा करून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या हातात असं काही पडलं, तर दाखवा म्हणा. मागचे चुळबुळ करतील. करू देत.

तपासणीला परत गेलो, तेव्हा मॅडमनी विचारलं, "अजून काही शंका?" माझं विचारून झालं होतं. मागे उभे असलेले मिस्टर खाली बघत हळूच म्हणाले, "मॅडम, बीपीची गोळी चक्कर आली तरच घ्यायची ना?"

मी उठले आणि स्टूल त्यांना दिलं.